परक्या श्रद्धेची शिष्यवृत्ती

शिक्षणासाठी ठरावीक मुदतीपर्यंत मिळणाऱ्या आणि बहुधा परत न करायच्या रकमेला शिष्यवृत्ती म्हणतात, आणि ती देणाऱ्यांमध्ये सरकार व विद्यापीठे यांच्या जोडीने धर्मसंस्था, मिशने, मठ, ज्ञातिसंस्था आणि विशिष्ट मतांची मंडळे यांचाही पूर्वापार मोठा वाटा राहिला आहे. यांपैकी एखाद्या संस्थेची श्रद्धा विद्यार्थ्याला मान्य नसेल, किंबहुना तिच्या काही मतांना त्याचा विरोधच असेल, तर तिचे पैसे त्याने घ्यावेत का, या प्रश्नाला व्यवहारात दोन तयार उत्तरे मिळतात. पैशाला जात नसते आणि धर्मही नसतो, तेव्हा मिळेल तिथून घ्यावे आणि शिकावे, हे एक. आणि ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, तेव्हा टाळी वाजवायची नसेल तर पोळीला हात लावू नये, हे दुसरे. देणाऱ्याला मोबदल्यात नेमके काय हवे आहे, ते त्याने आधी सांगितले आहे का, आणि ते नाकारूनही शिक्षण चालू ठेवण्याची सोय घेणाऱ्याला आहे का, हे या दोन्ही उत्तरांत विचारले जात नाही. परंतु प्रश्नाचा खरा उलगडा तिथेच होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी समाजाला हा प्रश्न फार जवळून भिडला, आणि पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात तर तो घेणारी आणि देणारी अशा दोन्ही भूमिकांतून उभा राहिला, म्हणून त्या काळाकडे पाहणे उपयोगाचे आहे.

विद्येसाठी दुसऱ्याचे द्रव्य घेण्यात धोका आहे, ही जाणीव परंपरेत नव्हती असे नाही. दान स्वीकारण्याच्या क्रियेला धर्मशास्त्रात ‘प्रतिग्रह’ म्हणतात, आणि कोणाकडून प्रतिग्रह घ्यावा व कोणाकडून घेऊ नये याचे कडक नियम स्मृतिग्रंथांत सांगितलेले आहेत, कारण प्रतिग्रहाने घेणाऱ्याचे तेज उणावते अशी समजूत होती. तरीही विद्वानांचा निर्वाह दानावरच चालत असे. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला शास्त्री-पंडितांना दक्षिणा वाटली जाई; १८१८ मध्ये पेशवाई गेली तरी इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही, तिच्यासाठी वर्षाला ५०,००० रुपयांची तरतूद ठेवली, आणि तिच्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मराठी ग्रंथांनाही या निधीतून उत्तेजन मिळावे, अशी मागणी १८४९ मध्ये सुधारणावाद्यांनी केली, तेव्हा पुण्यातील सनातनी मंडळींनी तिला कडाडून विरोध केला. पण बदल झालाच, आणि पुढे जोतीराव फुले यांच्या मुलींच्या शाळांनाही दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपये मिळू लागले. ब्राह्मण विद्वत्तेच्या पोषणासाठी सुरू झालेला पैसा मुलींच्या, आणि त्याही फुल्यांच्या शाळांच्या कामी आला. पुढच्या पिढीत त्याच फंडातून ‘दक्षिणा फेलो’ म्हणून मानधन घेणारे महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर सामाजिक सुधारणेचे धुरीण झाले. पैसा ज्या हेतूने प्रथम बाजूला काढला गेला, तो हेतू त्याला कायमचा चिकटून राहत नाही, एवढे तरी यावरून निश्चित म्हणता येते.

मिशनऱ्यांची मदत मात्र वेगळ्या स्वरूपाची होती, कारण तिच्यामागचा हेतू जिवंत होता आणि तो पूर्ण व्हावा म्हणून झटणारी माणसे विद्यार्थ्यासमोर रोज उभी असत. जोतीराव स्वतः पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाईंना अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधील मिस फरार यांच्याकडून शिक्षिकेचे प्रशिक्षण मिळाले, आणि दोघांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. मिशनऱ्यांनाही शाळेत आलेला प्रत्येक जण ख्रिस्ती होणार नाही हे ठाऊक असे आणि तरी ते शिकवत राहत. परंतु आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीत अट तोंडावर आली. पत्नीला अमेरिकेत शिकवण्यासाठी गोपाळराव जोशी यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांकडे साहाय्य मागितले, तेव्हा वाइल्डर यांच्या उत्तरात या दांपत्याने ख्रिस्ती व्हावे ही अपेक्षा स्पष्ट होती, आणि ती जोशी दांपत्याने मानली नाही. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला, तो न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला, आणि त्यांनी १८८० मध्ये स्वतः होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. कार्पेंटरबाईही ख्रिस्तीच होत्या. त्यांच्या घरी राहून आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकून आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हे त्यांनी प्रस्थानापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयातील भाषणात जाहीर सांगितले होते आणि ते त्यांनी पाळले. वाइल्डर आणि कार्पेंटर यांचा धर्म एकच होता. एकाने मदतीला श्रद्धेची अट जोडली आणि दुसरीने ती जोडली नाही, आणि आनंदीबाईंच्या दृष्टीने सगळा फरक तेवढ्यातच होता. वाइल्डर यांच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद करायला हवी, ती ही की त्यांनी आपली अपेक्षा लपवली नाही, त्यामुळे जोशी दांपत्याला नकार देणे शक्य झाले.

रमाबाईंना असा सरळ नकार देण्याची संधी मिळाली नाही, कारण त्यांच्यासमोर अट अशी कोणी ठेवलीच नव्हती. विधवा झाल्यावर १८८२ मध्ये त्या आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, आणि वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला जाण्याचे ठरवले. पुण्यात काम करणाऱ्या, इंग्लंडमधील वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या संघाने त्यांच्या राहण्याची व्यवस्था पत्करली. प्रवासाचा खर्च रमाबाईंनी आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नातून उभा केला, आणि वाँटेजला राहण्याजेवणाच्या बदल्यात हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवायचे कबूल केले. ही रचना पाहण्यासारखी आहे. सगळे फुकट घेतले तर आपण मिंधे होऊ, या जाणिवेने त्यांनी उपकाराचे शक्य तितके रूपांतर व्यवहारात करून ठेवले होते. तरीही २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजमध्येच त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा जलसंस्कार, घेतला, आणि पुण्यात तो आश्रयदात्यांच्या उपकाराचा परिणाम समजला गेला.

हा समज खरा होता की खोटा, हे बाहेरच्या कोणालाही ठरवता येणार नाही, आणि उपकाराखाली असलेल्या माणसाचे सर्वांत मोठे नुकसान नेमके इथे होते. ज्यांच्या घरी राहून शिकतो त्यांचाच धर्म किंवा विचार एखाद्याला पुढे मनापासून पटला, तरी तो आपल्या बुद्धीने पटला हे त्याला सिद्ध करता येत नाही; लोक त्याच्या प्रत्येक निर्णयामागे खाल्लेले मीठ शोधतात, आणि काही काळाने त्यालाही स्वतःच्या मनाची खात्री देता येईनाशी होते. शिष्यवृत्तीच्या प्रश्नाचा विचार करताना विद्यार्थी आपली जुनी श्रद्धा गमावील या भीतीचीच चर्चा अधिक होते, पण नवी श्रद्धा स्वतंत्रपणे स्वीकारण्याचा त्याचा हक्कही तितकाच धोक्यात येतो, याकडे फारसे लक्ष जात नाही.

बाप्तिस्म्यानंतरचा वाँटेजचा पत्रव्यवहार या दृष्टीने मोलाचा आहे. रमाबाईंच्या आध्यात्मिक माता समजल्या जाणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना शिष्येकडून विनम्र आज्ञाधारकतेची अपेक्षा होती, आणि ती कुठेही लिहिलेली नसली तरी प्रत्येक पत्रात जाणवते. रमाबाईंनी मांसाहार स्वीकारला नाही, तर त्यात जातीचा अभिमान उरल्याचे जेराल्डीन यांना वाटले. क्रूसावरचा मजकूर लॅटिनमध्ये असण्यापेक्षा संस्कृतात असावा असे रमाबाईंनी म्हटले, तर तोही हट्ट ठरला. त्रैक्याचा, म्हणजे ईश्वर एक असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन रूपांत आहे या मताचा, चर्चने लावलेला अर्थ रमाबाईंना पटेना, तेव्हा ती कृतघ्नता वाटू लागली. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई शिकत आणि संस्कृत शिकवत असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील बिशपांचे मत मागवले गेले आणि ते प्रतिकूल आले. त्यावर रमाबाईंनी लिहिलेल्या उत्तराचा आशय असा होता की आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, आपल्या देशातील पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने उतरवल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड आपण मानेवर घेणार नाही. ही पत्रे वाचताना मन भरून येते, कारण ती लिहिणारी बाई परदेशात होती, तिच्या पदरी लहान मूल होते, आणि ज्यांना ती हे ऐकवत होती त्यांच्याच आधाराने ती व तिची मुलगी जगत होत्या. जेराल्डीन यांचे प्रेमही खोटे नव्हते. मनोरमेची त्यांनी केलेली देखभाल रमाबाईंनी कधी नाकारली नाही. प्रेम खरे आणि अपेक्षा न बोललेली, असा योग आला म्हणजे घेणाऱ्याला प्रत्येक मतभेदाची किंमत अपराधीपणाच्या भावनेने मोजावी लागते, आणि शब्दांत घातलेली कठोर अटसुद्धा त्यापेक्षा सुसह्य ठरते.

आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आणि तिथे त्यांनी मदत घेताना वाँटेजचा अनुभव ध्यानात ठेवला असावा, असे मानायला जागा आहे. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचे धर्मोपदेशक होते, तर पदाधिकाऱ्यांत इतर ख्रिस्ती पंथांचेही नामवंत होते; एकमेकांची मते न पटणाऱ्या या मंडळींनी रमाबाईंच्या नियोजित शाळेला दहा वर्षे पैसा पुरवण्याचे ठरवले. शाळा धर्मनिरपेक्ष राहील, तिच्यात धर्मशिक्षण दिले जाणार नाही आणि मुलींवर कोणताही धर्म लादला जाणार नाही, असे आधीच ठरले. मुदत ठरलेली, अट शब्दांत सांगितलेली आणि देणाऱ्यांचे पंथ अनेक, अशी ही मदत होती. अनेक पंथांचा पैसा एकत्र आल्यामुळे कोणत्याही एका पंथाला त्यावर हक्क सांगता येईना, ही त्या योजनेची खरी ताकद होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ही शाळा शारदा सदन या नावाने उघडली आणि पुढच्या वर्षी ती पुण्याला आली. आता रमाबाई देणाऱ्यांच्या बाजूला होत्या, आणि घेणाऱ्या होत्या उच्चवर्णीय हिंदू घरांतील विधवा मुली, ज्यांचे पालक रमाबाईंच्या धर्माकडे संशयाने पाहत होते. मुलींना आपल्या जातीचे आचार पाळण्याची मुभा होती, स्वयंपाकाची व्यवस्था त्याप्रमाणे ठेवलेली होती, ग्रंथसंग्रहात बायबल आणि हिंदू धर्मग्रंथ दोन्ही होते, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. पेच निर्माण झाला तो एका दारावरून. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणाला बोलावत नाही, पण जी येते तिला बाहेर घालवणार नाही, आणि आपल्या घरात दार बंद करून प्रार्थना करण्याची सक्ती आपल्यावरही कोणी करू नये. सल्लागारांचे म्हणणे असे की ज्या बाईने आश्रय दिला, विद्या दिली, मायेने वागवले, तिच्या उघड्या दाराचा परिणाम अल्पवयीन मुलीच्या मनावर उपदेशापेक्षाही अधिक होतो, आणि पालकांना दिलेला शब्द त्यामुळे पोकळ ठरतो. ‘केसरी’ या वृत्तपत्राने शारदा सदनावर सडकून टीका केली, १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सल्लागारपद सोडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या; बोस्टनच्या मंडळाचा रमाबाईंवरचा विश्वास मात्र टिकून राहिला.

या वादात एकाच बाजूला सगळा न्याय देणे कठीण आहे. रमाबाईंचा स्वतःच्या उपासनेचा हक्क निर्विवाद होता, आणि ज्या समाजाने त्या मुलींचे केस उतरवून त्यांना कोपऱ्यात बसवले होते, त्याने त्यांच्या धर्माची काळजी वाहावी हे सोसण्यासारखे नव्हते. पण जेराल्डीन यांच्या अपेक्षेचा भार ज्या बाईने अंगावर झेलला होता, तिला आपल्या प्रेमाचाही तसाच भार मुलींवर पडू शकतो हे कळायला हवे होते. घेणाऱ्याला जे दडपण स्पष्ट दिसते, ते देणाऱ्याच्या जागी गेल्यावर त्याच माणसाला दिसेनासे होते, हे शारदा सदनाच्या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे. १८९८ मध्ये दहा वर्षांचा करार संपल्यावर रमाबाईंनी केडगावच्या आपल्या मुक्ती सदन या संस्थेचे काम उघडपणे ख्रिस्ती म्हणून चालवले आणि त्यासाठी अमेरिकेतील मंडळाची फेररचना झाली. अट बदलली ती सांगून बदलली, आणि ज्यांना ती नको होती त्यांना बाजूला होता आले.

सदनात आलेल्या मुलींपैकी सगळ्यांचे मन एकाच दिशेला वळले असेही नाही. शारदा सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई ही बालविधवा होती. तिथे शिकून तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि ती हिंदूच राहिली. रमाबाईंविषयीची कृतज्ञता तिने लपवली नाही आणि त्यांचा धर्मही घेतला नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा शारदा सदनाच्या वादाची पार्श्वभूमी त्याला होती. पुढे कर्व्यांच्याच महिला विद्यापीठाला १९२० मध्ये ठाकरसी कुटुंबाकडून १५ लाखांची देणगी मिळाली, तेव्हा दात्याच्या आईचे नाव विद्यापीठाला देण्याची अट होती. ती नावापुरती होती, विद्यार्थिनींच्या मतांना तिचा स्पर्श नव्हता, आणि म्हणून ती मान्य करण्यात संकोच करण्याचे कारण नव्हते.

अटी श्रद्धेच्याच असतात असे नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, तिला शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या कराराची जोड होती, आणि १९१७ मध्ये ते बडोद्याला गेले तेव्हा नोकरीपेक्षा राहायला जागा न मिळणे आणि कचेरीतील अस्पृश्यता यांनीच तो करार अशक्य केला. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या निधीने वेगळा मार्ग काढला: परदेशी शिक्षणासाठी तो कर्जरूपाने पैसा देतो, कमावता झाल्यावर विद्यार्थी तो फेडतो, आणि फेडल्यावर उपकाराचा प्रश्न शिल्लक राहत नाही. के. आर. नारायणन याच मदतीने लंडनला शिकले आणि पुढे राष्ट्रपती झाले. मानी विद्यार्थ्याला ही पद्धत अधिक मानवते. पण ज्याच्या घरी पहिल्याच पिढीत कोणी शिकत आहे, त्याला कर्जाची धास्ती वाटते, म्हणून दानाची गरज संपलेली नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात देणगी म्हणजे स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतरण, अशी व्याख्या आहे, तेव्हा न सांगितलेली कृतज्ञता किंवा मतैक्य हे विद्यार्थ्याचे कायदेशीर देणे होऊ शकत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८ मधील तिसऱ्या खंडाप्रमाणे शासनमान्य किंवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. शारदा सदनातील वादाचा विषय, म्हणजे अल्पवयीन मुलीची उपासनेतील उपस्थिती आणि पालकाची संमती, या खंडात जवळजवळ त्याच शब्दांत आलेला दिसतो. मात्र हे संरक्षण शिक्षणसंस्थेपुरते आहे. खाजगी विश्वस्त मंडळ वसतिगृह चालवते किंवा फीची रक्कम भरते, तेव्हा विद्यार्थ्याला आपले संरक्षण बहुतेक स्वतःच करावे लागते.

आजही महाराष्ट्रातील असंख्य मुले ज्ञातीच्या वसतिगृहात राहून, देवस्थानाच्या किंवा मठाच्या निधीतून, मुस्लिमांच्या जकात या धर्मदानातून, चर्चच्या मदतीतून किंवा एखाद्या वैचारिक संघटनेच्या शिष्यवृत्तीवर शिकतात. त्यांच्यापैकी अनेकांची मते शिकता शिकता बदलतात, आणि तसे झाले नाही तर शिक्षणाचा उपयोग काय, असेही विचारता येईल. अर्जाचा नमुना हाती घेतल्यावर अशा विद्यार्थ्याने आधी हे पाहावे की त्यात एखाद्या मतावर विश्वास असल्याची प्रतिज्ञा आहे का. ती असेल आणि मनाला पटत नसेल, तर सही करू नये, कारण पैशाच्या गरजेपायी केलेली खोटी सही पुढे बोलण्याचे तोंडच बंद करते. प्रतिज्ञा नसेल, पण सत्संगाला, शिबिराला किंवा मेळाव्याला हजर राहणे अपेक्षित असेल, तर ती हजेरी ऐच्छिक आहे की सक्तीची, आणि गैरहजर राहिल्यास दुसऱ्या वर्षाचा हप्ता थांबतो का, हे लेखी विचारून घ्यावे. यातले काहीच नसेल तर देणाऱ्यांची श्रद्धा आपली नाही एवढ्याच कारणाने मदत नाकारण्याची गरज नाही. आभाराचे पत्र लिहावे, निकाल कळवावा, आणि मत विचारले गेले तर ते खरे सांगावे. ही मोकळीक देण्याची जबाबदारी मात्र देणाऱ्यांचीच अधिक आहे, कारण अठरा वर्षांच्या मुलापाशी नकाराची किंमत मोजण्याइतके बळ क्वचितच असते. ज्या मंडळाला आपल्या मताचे अनुयायी हवे आहेत, त्याने ते अर्जातच छापावे. ज्याला गरजू मुले शिकायला हवी आहेत, त्याने मुलाखतीच्या वेळी त्यांच्या पूजाअर्चेची, मतांची आणि घरच्या राजकारणाची चौकशी करणे सोडून द्यावे आणि गुणपत्रिका व उत्पन्नाचा दाखला यांवर निर्णय घ्यावा.